मागचं चाक घरी काढताना कुठला नट सोडायचा आणि कुठला तसाच ठेवायचा

प्रश्न थोडक्यात असा: लालबागला चाळीच्या आवारात शंभर सीसीची गाडी उभी असते. मागे ड्रम ब्रेक, अलॉय चाक, ट्यूबवाला टायर. टायर गुळगुळीत झालाय, हवाही पूर्ण गेलीय. टायर आणि ट्यूब दोन्ही बदलायचे आहेत, पण गाडी दुकानापर्यंत ढकलत न्यायची नाही. चाक घरीच काढून नुसतं चाक दुकानात नेता येईल का? त्यासाठी चेन काढावी लागते का? आणि परत बसवताना काय चुकू शकतं?

चाक घरी काढता येतं, आणि तुमच्या गाडीत चेनला हातही लावावा लागत नाही. पहिल्यांदा करताना दोन तास मोकळे ठेवा. हात बसला की वीस मिनिटांत चाक बाहेर येतं. काढणं सोपं आहे. ज्या चुकांनी माणूस पडतो त्या सगळ्या परत बसवताना होतात, म्हणून त्या भागावर मी जास्त लिहितो आहे.

गाडी ढकलत न्यायची नाही हे तुम्ही बरोबर ठरवलंत. हवा नसलेल्या टायरवर गाडी ढकलली की टायर रिमवर सरकतो, त्याच्याबरोबर ट्यूब सरकते आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. रिमची कड ट्यूबला चावते ते वेगळंच. मात्र नुसतं पंक्चर असेल तर चाक काढायची गरज नसते. पंक्चरवाला टायरची एक बाजू रिमवरून उतरवतो, ट्यूब बाहेर ओढतो आणि पॅच मारतो, चाक गाडीतच राहतं. ट्यूबलेस टायरला तर बाहेरूनच स्ट्रिप घालतात. चाक खरोखर काढावं लागतं ते टायर किंवा ट्यूब बदलायला, ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे), हब रबर (चाकाचा मधला भाग म्हणजे हब, तो आणि चेनचं दातेरी चाक यांच्यामधले रबर) किंवा बेअरिंग बदलायला आणि रिम सरळ करायला.

पान्याला हात लावण्याआधी गाडीच्या डाव्या बाजूला, म्हणजे चेनच्या बाजूला, खाली बसा आणि चिमट्याचं टोक नीट बघा. चिमटा म्हणजे मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा स्विंग आर्म. ड्रम ब्रेकच्या बऱ्याचशा शंभर ते दीडशे सीसी गाड्यांत तिथे एकात एक असे दोन षटकोन दिसतात. आतला लहान असतो, तो एक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधून जाणाऱ्या दांड्याचा: कुठल्या गाडीत एक्सलचा नट, कुठल्या गाडीत एक्सलचं डोकं. बाहेरचा मोठा, चपटा असतो तो स्लीव नट. एक्सल आरपार जातो, आणि स्लीव नट फक्त स्प्रॉकेटच्या गाड्याला (स्प्रॉकेट म्हणजे चेनचं मागचं दातेरी चाक, गाडा म्हणजे ते ज्यावर बसतं तो भाग) चिमट्याशी आवळून धरतो. एक्सल उपसला तरी स्प्रॉकेट आणि चेन त्या स्लीव नटाच्या जोरावर जागच्या जागी लटकून राहतात आणि नुसतं चाक उजवीकडे सरकून निघतं. गाडीची रचनाच तशी केलेली आहे.

नवखा माणूस नेमका हा मोठा नट आधी सोडतो, कारण तोच नजरेत भरतो. तो सोडला की स्प्रॉकेट सैल पडतं, चेनचा ताण जातो, तो ताण ठरवणारा अ‍ॅडजस्टर सरकतो आणि वीस मिनिटांचं काम अर्ध्या दिवसावर जातं. टायर बदलायला तो सोडायचा नाही. चेन ताणायची असेल तेव्हा मात्र एक्सल नट आणि स्लीव नट दोन्ही ढिले करावे लागतात, कारण तेव्हा स्प्रॉकेटलाच मागे सरकायचं असतं.

तिथे एकच नट दिसला, किंवा मागे डिस्क ब्रेक असला, तर तुमची गाडी दुसऱ्या जातीची. तिच्यात स्प्रॉकेट चाकाबरोबर बाहेर येतं. तिच्याबद्दल शेवटी लिहितो.

हत्यारं फार लागत नाहीत. एक्सलच्या नटाला बसणारा रिंग पाना किंवा सहा कोनी सॉकेट, एक्सलचं डोकं दुसऱ्या बाजूने धरायला दुसरा पाना, टॉर्क आर्मच्या (ब्रेकला चिमट्याशी जोडणारी पट्टी) नटासाठी १२-१३ किंवा १४-१५ चा पाना, पक्कड, रबरी किंवा लाकडी हातोडी, एक जाड स्क्रू ड्रायव्हर, गंज सोडवणारा स्प्रे, थोडं एपी-३ ग्रीस, जुनं सुती कापड आणि दोन नव्या स्प्लिट पिना (नट गळू नये म्हणून बोल्टमधून आरपार घालून वाकवायच्या). एक्सल नट कुठल्या गाडीला १७, कुठल्या गाडीला १९, मोठ्या गाड्यांना २४ किंवा त्याहून मोठा असतो, म्हणून पाना विकत घेण्याआधी नट मोजा. उघड्या तोंडाचा पाना या नटावर वापरू नका. तो दोनच कडांवर जोर देतो, आणि गंजलेल्या नटाचे कोपरे एकदा झिजले की पुढे छिन्नीशिवाय तो निघत नाही. गाडीबरोबर आलेला पत्र्याचा नळीपाना रस्त्यात अडल्यावर चालतो, या कामाला कमी पडतो. हत्यारं घ्यायची तर नागदेवी स्ट्रीटला जा, तिथे एकेक पानाही सुटा मिळतो.

जागा सपाट हवी. चाळीच्या आवारात पाणी निघून जावं म्हणून बहुधा उतार दिलेला असतो, त्यामुळे गटाराच्या बाजूला गाडी लावू नका. इंजिन आणि सायलेन्सर थंड होऊ द्या, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, किल्ली काढा. डबल स्टँडवर घेताना स्टँडच्या दोन्ही पायांखाली एक सलग, साधारण दोन सेंटिमीटर जाडीची प्लायची फळी घ्या. या दोन सेंटिमीटरांमुळे शेवटी टायर मडगार्डखालून निघतो. दोन सुटे तुकडे ठेवू नका, एक सरकला तर गाडी कलंडते. फरशी ओली असेल तर फळीखाली गोणपाट घाला.

डबल स्टँड गाडी पुढे सरकली की मिटतो. म्हणून पुढच्या ब्रेकचा लिव्हर जुन्या ट्यूबच्या पट्टीने दाबून बांधून ठेवा, म्हणजे पुढचं चाक फिरणार नाही. नटावर जोर लावतानाही दिशा सांभाळायची. एक्सल नट उजव्या बाजूला असेल तर सोडताना पान्याचा दांडा गाडीच्या मागच्या दिशेला येईल असा लावा आणि खाली दाबा. नट डाव्या बाजूला असेल तर दांडा पुढच्या दिशेला ठेवा आणि खाली दाबा. दोन्ही वेळा नट उलटा, म्हणजे सुटण्याच्या दिशेने फिरतो आणि जोर जमिनीकडे जातो. पाना वर किंवा पुढे ओढलात तर गाडी स्टँडवरून उतरून अंगावर येऊ शकते.

सोडायला सुरुवात करण्याआधी दोन्ही बाजूंचे जवळून फोटो घ्या: चेन अ‍ॅडजस्टरच्या खुणा, उजव्या बाजूचा कॉलर, टॉर्क आर्मचा बोल्ट कुठल्या बाजूने घातलाय, ब्रेक रॉडचा नट किती आत आहे. पहिल्यांदा करणाऱ्याला बसवताना याच फोटोंचा आधार होतो.

आधी ब्रेक रॉड, म्हणजे पेडलकडून मागच्या ब्रेककडे येणारी सळई. टोकाचा अ‍ॅडजस्टर नट हाताने फिरवून काढा, आणि नटाच्या बाहेर किती आटे दिसत होते ते लिहून ठेवा. रॉड ब्रेक आर्ममधून ओढून काढला की आर्ममधली गोल पिन आणि रॉडवरची स्प्रिंग सुटी होते. त्या दोन्ही लगेच रॉडवर परत घाला आणि वर नट दोन आटे लावून ठेवा. ही पिन आवारातल्या जाळीतून गटारात गेली की शोधत बसावं लागतं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो ती सोय) किंवा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. तुमची गाडी त्यानंतरची असेल तर मागच्या ब्रेक पेडलवरून पुढच्या ब्रेककडे एक केबल गेलेली दिसेल. ती आणि तिचा अ‍ॅडजस्टर जसाच्या तसा राहू द्या.

मग टॉर्क आर्म. ब्रेक प्लेटपासून (ड्रमचं झाकण, ज्यावर शू बसतात) चिमट्यापर्यंत जाणारी ही लोखंडी पट्टी. तिच्या प्लेटकडच्या टोकाची स्प्लिट पिन पक्कडीने सरळ करून ओढा, नट सोडा आणि बोल्ट काढा. चिमट्याकडचं टोक सोडायची गरज नाही. काही गाड्यांत ही पट्टी नसते, त्याऐवजी ब्रेक प्लेटला एक खाच असते आणि ती चिमट्यावरच्या उंचवट्यात अडकते. तुमच्याकडे कुठला प्रकार आहे ते आत्ताच पाहून ठेवा, बसवताना त्याची गरज पडेल.

आता एक्सल नट. दुसऱ्या बाजूचं डोकं पान्याने धरा आणि नट सोडा. हलत नसेल तर स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबा. सोडताना पान्याला लांब पाइप लावला तर चालतो. आवळताना कधीही लावायचा नाही. नट पूर्ण काढून एक्सलच्या टोकावर थेट लोखंडी हातोडी मारू नका, आटे चेपतात आणि मग नट परत बसत नाही. नट टोकाच्या पातळीत येईल इतपत ठेवा आणि रबरी हातोडीने ठोका. एक्सल सरकला की नट काढा आणि एक्सल दुसऱ्या बाजूने फिरवत ओढा. काही गाड्यांत सायलेन्सर आड येतो. अशा वेळी सायलेन्सरचा मागचा एक बोल्ट ढिला करून तो थोडा खाली घेतला की एक्सल निघतो.

मुंबईत एक्सल जाम होणं नेहमीचं आहे. हिंदमाताला साचलेल्या पाण्यातून एक पावसाळा गेलेली गाडी असेल तर जामच धरून चाला. हबमध्ये पाणी शिरतं, सुकतं, आणि बेअरिंगच्या आतली कडी गंजाने एक्सलला चिकटते. खारी हवा बाकीचं करते. अशा वेळी आधी ठोकायचं नाही. नट ढिला करून एक्सलच्या डोक्याला पाना लावा आणि एक्सल आधी जागच्या जागी फिरवा, थोडा इकडे, थोडा तिकडे. तो फिरला म्हणजे गंजाची पकड सुटली, मग ठोकून निघेल. फिरत नसेल तर दोन्ही बाजूंनी स्प्रे मारून रात्रभर सोडा, सकाळी पुन्हा प्रयत्न करा. ब्लो लँपने तापवू नका. हबमधले रबर, सील आणि बेअरिंगचं ग्रीस सगळं जळतं.

एक्सल निघताना एका हाताने चाक धरून ठेवा. उजवीकडे चिमटा आणि ब्रेक प्लेट यांच्यामध्ये एक नळीसारखा कॉलर असतो, तो टपकन खाली पडतो. तो उचलून त्याची कुठली बाजू प्लेटकडे होती ते लक्षात ठेवा, मग एक्सलवरच ओवून ठेवा. आता चाक उजवीकडे ओढा. डावीकडचा स्प्रॉकेटचा भाग हब रबरांच्या खोबणीतून सुटतो आणि चाक मोकळं होतं. न सुटलं तर चाक थोडं पुढे-मागे हलवत ओढा. रबर फुगलेले असले की अडकतं. ब्रेक प्लेट चाकातून बाजूला काढा. मग कुणाला तरी गाडी डावीकडे जरा कलती धरायला सांगा आणि चाक उजव्या अंगाने मागे ओढून घ्या. मदतीला माणूस नसेल तर गाडी एकट्याने कलवू नका, फळीची उंची थोडी वाढवा. चाक काढलेल्या गाडीवर कुणी बसणार नाही, मुलं तिच्याशी खेळणार नाहीत याची काळजी घ्या.

टायर-ट्यूबसकट चाक आठ-दहा किलोचं असतं. लालबागेत रिक्षा चालत नाही, टॅक्सीच्या डिकीत ते सहज मावतं. ब्रेक प्लेट मात्र घरीच ठेवा, दुकानात ग्रीसचे हात शूला लागतात. टायरवाल्याला दिशा सांगावी लागते: टायरच्या बाजूवर बाण असतो, आणि ड्रमची बाजू गाडीत उजवीकडे येते. ड्रमच्या बाजूने बघितलं तर पुढे जाताना चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, बाणही तसाच दिसायला हवा. पैसे देण्याआधी हे तपासा, कारण घरी आल्यावर चूक दिसली तर पुन्हा तीच फेरी.

चाक निघालंय तोवर चार गोष्टी बघून घ्या, एरवी त्या दिसत नाहीत.

ड्रममधली काळी पूड तोंडाने फुंकू नका, पंपाच्या हवेनेही उडवू नका. जुन्या आणि स्वस्त लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ती पूड फुफ्फुसात जाते. ओल्या कापडाने पुसा आणि ते कापड पिशवीत बांधून टाकून द्या. ड्रमच्या आत कमाल व्यास कोरलेला असतो. ११० मिमीच्या ड्रमवर १११, १३० मिमीच्या ड्रमवर १३१ असा. आतल्या काठाला नखाला लागणारी पायरी झाली असेल तर व्हर्नियरने मोजून घ्या. शूवरचं लायनर २ मिमीवर आलं असेल तर जोडी बदला, स्प्रिंगाही नव्या घ्या. ब्रेक आर्मजवळचा बाण पेडल दाबल्यावर प्लेटवरच्या खुणेपर्यंत पोचत असेल तर लायनर संपलंय असंच समजा. लायनर चकचकीत काचेसारखं दिसत असेल तर जाड काच पेपरने हलकं घासा.

बेअरिंगच्या आतल्या कडीत बोट घालून ती हळू फिरवा. लोण्यासारखी फिरली तर ठीक. खरखर लागली, अडखळली किंवा लाल गंजाचं पाणी बोटाला लागलं तर दोन्ही बाजूंची बदला, एकच बदलून भागत नाही. कडेवर ६३०१ किंवा ६२०२ असा नंबर असतो. ६३०१ चं आतलं भोक १२ मिमी, ६२०२ चं १५ मिमी. नंबर सांगितला की नागदेवीला कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. दोन बेअरिंगांच्या मधली लांब नळी मात्र जपून परत घाला. एक्सल नट आवळल्यावर सगळा दाब त्या नळीवरून जातो. ती राहिली तर दाब बेअरिंगच्या गोळ्यांवर येतो, आणि नवं बेअरिंग थोड्याच दिवसांत संपतं.

हब रबर दाबून बघा. कडक, तडकलेले किंवा खोबणीत सैल असतील तर पूर्ण सेट बदला. गिअर टाकताना मागून ठक आवाज आणि झटका येतो तो बऱ्याचदा यांच्यामुळेच. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कोंबून हा ढिलेपणा काही आठवडे झाकला जातो, पण त्या पट्ट्या फाटून तुकडे खोबणीत अडकतात आणि पुढच्या वेळी चाक निघता निघत नाही. नवे रबर महाग नसतात, तेच घाला.

चौथा एक्सल. तो स्वयंपाकघराच्या कडाप्प्यावर हलका लोटून बघा. वाकलेला असेल तर लडबडत फिरतो आणि कडाप्प्याशी एका जागी फट उघडझाप करते. ०.२ मिमीपेक्षा जास्त वाक असेल तर तो सरळ करून वापरू नका, नवा घ्या. ऑपेरा हाउसला स्पेअर पार्टच्या बाजारात मिळतो. सरळ असेल तर बारीक काच पेपरने गंज काढा आणि पातळ ग्रीस लावा. हाताला चिकट लागेल एवढंच पुरे. जास्तीचं ग्रीस उन्हात पातळ होऊन ड्रममध्ये उतरतं, आणि ग्रीस लागलेलं लायनर पुसून कधीच पहिल्यासारखं होत नाही.

आता बसवणं. ब्रेक प्लेट ड्रममध्ये घाला, चाक मडगार्डखाली सरकवा. चाकाच्या मागे जमिनीवर बसा आणि टायरखाली बुटाचं टोक किंवा लाकडाची पाचर घालून चाक उंचीला आणा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. चाक डावीकडे ढकलत थोडं फिरवा, हब रबरांची खोबण स्प्रॉकेटच्या दात्यांवर पूर्ण बसली पाहिजे. स्प्रॉकेटचा गाडा आणि हब यांच्यातली फट सगळीकडे सारखी दिसली म्हणजे बसली. एका बाजूला बोटभर फट दिसत असताना एक्सल ठोकून घालू नका. मग उजवीकडे कॉलर जागेवर धरा आणि एक्सल घाला. तो हाताने फिरवत फिरवत जायला हवा. अडला तर चाक किंचित वर-खाली करा, हातोडी नाही. एक्सल नट फक्त हाताने लावा, आवळू नका.

यानंतर लगेच टॉर्क आर्म. दुसरं काहीही करण्याआधी हेच, कारण संपूर्ण कामात जिवाशी गाठ असलेली जागा हीच आहे. ब्रेक दाबला की शू ड्रमला पकडतात आणि फिरणारा ड्रम प्लेटलाही आपल्याबरोबर ओढायला बघतो. त्या ओढीला एकटी ही पट्टी अडवते. पट्टी लावायची राहिली, किंवा नट लागला पण पिन राहिली आणि थरथराटाने नट गळाला, तर पुढच्या जोराच्या ब्रेकला प्लेट चाकाबरोबर गरकन फिरते. ब्रेक रॉड वाकतो किंवा तुटतो, आणि चाक तरी जागीच आवळतं, नाहीतर मागचा ब्रेक साफ जातो. आवारात हळू चालवताना काहीच कळत नाही, कळतं ते उड्डाणपुलाच्या उतारावर. म्हणून बोल्ट घाला, वॉशर घाला, नट आवळा, नवी स्प्लिट पिन आरपार घालून तिचे दोन्ही पाय विरुद्ध दिशांना वाकवा. जुनी पिन सरळ करून पुन्हा वाकवली की वाकातच तुटते. खाचेच्या गाड्यांत प्लेट फिरवून खाच उंचवट्यात पूर्ण शिरल्याची खात्री करा, आणि प्लेट हाताने हलवून बघा, ती फिरता कामा नये.

मग ब्रेक रॉड, स्प्रिंग, पिन, नट लावा. चाक पुढे ढकलून उजवीकडचा अ‍ॅडजस्टर चिमट्याला टेकलाय ना आणि दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आकड्यावर आहेत ना ते बघा. डावी बाजू स्लीव नटाने धरलेलीच असते. उजवी हलली असेल तर चाक तिरकं बसतं. आता कुणाला तरी ब्रेक पेडल दाबून ठेवायला सांगा, आणि पेडल दाबलेलं असतानाच एक्सल नट आवळा. यामुळे शू ड्रमच्या मध्यावर बसतात. नाहीतर ब्रेक एका बाजूने लागतो आणि पेडलला थरथर येते.

किती आवळायचा तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, तोच खरा. टॉर्क रेंच नसेल तर अंदाज असा: एक्सलच्या मध्यापासून ३० सेंटिमीटरवर पान्याच्या दांड्यावर २० किलोचा भार दिला की साधारण ५९ न्यूटन मीटर होतात, लहान गाड्यांना त्याच्या आसपासच लागतात. वीस लिटरचा पाण्याचा भरलेला जार उचलताना हाताला जेवढा भार पडतो, तेवढा. पाइप लावून किंवा पान्यावर पाय देऊन आवळलं तर आटे ताणले जातात, आणि पुढच्या वेळी नट आट्यांसकट बाहेर येतो.

चाक हाताने फिरवा. शूची बारीक सरसर ऐकू आली तर हरकत नाही, चाक दोन-तीन फेरे सहज घ्यायला हवं. नट आवळण्याआधी मोकळं होतं आणि आवळल्यावर घट्ट झालं, तर कॉलर उलटा बसलाय किंवा राहिलाय, नाहीतर बेअरिंगमधली नळी राहिलीय. आधीपासूनच घट्ट असेल तर ब्रेक रॉडचा नट जास्त आत गेलाय. टायर वरून धरून डावी-उजवीकडे हलवलं आणि खटखट लागली, तर बेअरिंग गेलंय किंवा नट ढिला आहे. यातलं काहीही असेल तर चालवून बघू नका, परत उघडा.

ब्रेक पेडलचा मोकळा खेळ २० ते ३० मिमी ठेवा. अ‍ॅडजस्टर नटाची गोलाई पिनवर खटकन बसते, ती बसलेली दिसली पाहिजे. पेडल थोडं दाबल्यावर मागचा दिवा लागतो का ते बघा. लागत नसेल तर ब्रेक स्विचची स्प्रिंग सुटलीय. चेनचा झोल बहुतेक कम्यूटर गाड्यांत खालच्या बाजूला मध्यावर २० ते ३० मिमी असतो. तो चाक फिरवत चार-पाच जागी मोजा आणि जिथे चेन सर्वांत ताठ आहे तिथला धरा. चाक हातानेच फिरवायचं. इंजिन चालू करून, गिअर टाकून चाक फिरवत चेन पुसायची सवय काहींना असते. कापड स्प्रॉकेटमध्ये गेलं की बोटंही जातात आणि तुटतात. हे कुणालाही करू देऊ नका.

डिस्कच्या किंवा एकाच नटाच्या गाड्यांचं थोडं वेगळं. एक्सल नट ढिला करा, दोन्ही अ‍ॅडजस्टर मोजून सारखेच फेरे सैल करा, चाक पुढे ढकला आणि चेन स्प्रॉकेटवरून उचलून बाजूला घ्या. चेनचं लॉक काढायची गरज नाही. एबीएस असेल तर चाकाजवळच्या सेन्सरचा बोल्ट आधी काढून सेन्सर बाजूला बांधा. त्यावर हातोडी पडली तर तो गेला. एक्सल ओढला की दोन्ही बाजूंचे कॉलर पडतात आणि बहुधा त्यांची लांबी वेगळी असते, त्यावर मार्करने डावा-उजवा लिहून ठेवा. कॅलिपर (डिस्कला पॅडांनी पकडणारा भाग) ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका, सुतळीने चिमट्याला बांधा. पॅडांच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड घडी घाला आणि चाक बाहेर असताना कुणीही पेडल दाबणार नाही हे बघा. दाबलं तर पिस्टन बाहेर येतात, आणि परत आत ढकलायला ब्रेक ऑइलचं झाकण उघडण्यापर्यंत पाळी येते. ते ऑइल रंगावर सांडलं तर रंग उठतो, लगेच पाण्याने धुवा. चाक कधीही डिस्क खाली करून ठेवू नका. बसवल्यावर चेनचा ताण नव्याने घ्यावा लागतो. अ‍ॅडजस्टरच्या खुणांवर पूर्ण विसंबू नका, चिमट्याच्या पुढच्या पिव्होटच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पॅड डिस्कपासून लांब गेलेले असतात, पहिल्या एक-दोन दाबांना ब्रेक लागतच नाही.

पुढच्या ब्रेकला बांधलेली पट्टी सोडून गाडी स्टँडवरून उतरवा. आधी आवारातच ढकलत चालवा आणि ब्रेक दाबून बघा. मग रिकाम्या गल्लीत ताशी दहा-पंधरा किलोमीटरने चार-पाचदा ब्रेक लावा. नवे शू असतील तर पहिले काही दिवस पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा, लायनर ड्रमला घासून बसेपर्यंत ब्रेक कमी पकडतो. नवा टायरही पहिले शे-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो, पावसात वळणावर जपा. हवा चेन कव्हरवर किंवा चिमट्यावर चिकटवलेल्या स्टिकरप्रमाणे भरा, एकट्याची आणि डबल सीटची वेगळी असते. पन्नास किलोमीटर झाल्यावर एकदा एक्सल नटाला पाना लावून बघा, टॉर्क आर्मची पिन जागेवर आहे का ते बघा, आणि हबला हात लावून बघा. थोडं कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर ब्रेक घासतोय, रॉडचा नट एक फेरा सैल करा.